काळ्या पडद्याला घाबरू नका: लिनक्सचं ग्राफिकल सेशन कोण चालवतं, कुठे अडतं, कसं सोडवायचं

मी पुस्तकांची मांडणी करते. सकाळी पानं छापखान्यात जायची होती आणि रात्री साडेअकराला माझ्या लिनक्स मशीनने पासवर्ड घेतला, स्क्रीन क्षणभर काळी केली आणि पुन्हा लॉगिनच्या खिडकीवर येऊन बसलं. परत पासवर्ड, परत काळोख, परत लॉगिन. पासवर्ड चुकला म्हणावं, तर तसा निरोपही नाही. शेवटी मी पेनड्राइव्ह लावला आणि अख्खी सिस्टिम नव्याने टाकली. पहाटेचे चार वाजले. पुढे दोन महिन्यांनी कळलं की दुखणं एका छोट्याशा फाइलच्या मालकीचं होतं, दोन मिनिटांचं काम.

विंडोजमधून आलेल्या माणसाला वाटतं, स्क्रीन गेली म्हणजे कॉम्प्युटर गेला. इथे तसं नसतं. पडदा दाखवणारा प्रोग्राम वेगळा, लॉगिन घेणारा वेगळा, आणि त्या दोघांच्या खाली सिस्टिम आपली निवांत चालू असते. कोण कोणाच्या पाठीशी उभं आहे एवढं कळलं, की निम्मी घाबरगुंडी जाते.

कमांडबद्दल आधीच सांगते. माझा भाचा आणि दोन-तीन ओळखीचे लोक मला रात्री-अपरात्री फोन करतात, आणि फोनवर कमांड तोंडीच सांगावी लागते. इथेही तशीच, बोलतो तशी लिहिली आहे. टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करा, आणि मी ‘मोठी लिपी’ असं म्हटलं नसेल तिथे सगळं छोट्या लिपीत.

हाताशी काय हवं

- दुसरा फोन किंवा लॅपटॉप, वाचायला आणि फोटो काढायला
- आपलं युजरनेम, अगदी अक्षरन् अक्षर (लॉगिन स्क्रीनवर दिसणारं पूर्ण नाव नव्हे, माझ्या भाच्याने वीस मिनिटं आपलं आडनावासकट नाव टाइप केलं होतं)
- सूडोचा पासवर्ड (‘सूडो’ म्हणजे मुख्य अधिकाराने कमांड चालवायची कमांड)
- लाइव्ह सिस्टिमचा पेनड्राइव्ह, पण खिशात. त्याची वेळ सहसा येत नाही.

पायरी १: माणसं ओळखून घ्या

मशीन चालू केल्यावर आधी कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, उठतो. ग्राफिक्स कार्डाने पडद्याला किती रिझोल्यूशनचं चित्र पाठवायचं हे आज कर्नलच ठरवतो. २००९ पासून ही व्यवस्था लिनक्समध्ये आली, त्याआधी ते काम एक्स सर्व्हर (तो खाली भेटेलच) थेट हार्डवेअरला हात घालून करायचा.

मग सिस्टिमडी बाकीच्या सेवा सुरू करतो आणि त्यातली एक असते डिस्प्ले मॅनेजर. नाव फसवं आहे. हा डिस्प्ले ‘मॅनेज’ फारसा करत नाही, तो दारावर बसतो: नाव विचारतो, पासवर्ड तपासतो, कुठलं सेशन हवं (म्हणजे लॉगिननंतर कुठला डेस्कटॉप सुरू करायचा) ते विचारतो आणि आत सोडतो. ग्नोम या डेस्कटॉपबरोबर जीडीएम येतो, केडीईबरोबर बहुतेक ठिकाणी एसडीडीएम, आणि हलक्या डेस्कटॉपांबरोबर बऱ्याचदा लाइटडीएम.

आत गेल्यावर भेटतो डिस्प्ले सर्व्हर. हा खरा मालक. कीबोर्ड-माउसकडून येणारं सगळं हा घेतो, कुठल्या प्रोग्रामला द्यायचं ते ठरवतो आणि प्रोग्रामांची चित्रं पडद्यावर आणतो.

या सगळ्यांच्या मागे बसलेला, कोणाला न दिसणारा कारकून म्हणजे लॉगिनडी. कोण माणूस, कुठल्या ‘सीट’वर (एक स्क्रीन, एक कीबोर्ड, एक माउस मिळून एक सीट), कितव्या टर्मिनलवर बसला आहे याची वही तो ठेवतो. ग्राफिक्स कार्ड आणि कीबोर्ड यांचा ताबा एका वेळी एकाच सेशनकडे राहील हेही तोच बघतो. पूर्वी एक्स सर्व्हर सरसकट रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या सर्वाधिकारी युजरच्या, अधिकाराने चालवावा लागे. लॉगिनडी उपकरणं हातात देऊ लागला तेव्हा ती सक्ती संपली.

आता डिस्प्ले सर्व्हरच्या दोन जाती.

जुनी जात एक्स. १९८४ मध्ये एमआयटीच्या प्रोजेक्ट अथीनात बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी ती सुरू केली, आणि १९८७ मध्ये आलेली अकरावी आवृत्ती, म्हणजे एक्स११, आजही चालते. त्या काळी मोठी मशीन कुठेतरी आत आणि टेबलावर नुसता पडदा अशी रचना असे. म्हणून यातलं ‘सर्व्हर’ उलटं वाटतं: सर्व्हर तुमच्या टेबलावर, आणि प्रोग्राम हा त्याचा गिऱ्हाईक, मग तो शेजारच्या इमारतीतल्या मशीनवर चालत असला तरी. एक्समध्ये खिडक्या हलवणारा विंडो मॅनेजर वेगळा आणि सावल्या-पारदर्शकता सांभाळणारा कंपॉझिटर वेगळा असू शकतो. लग्नात मांडव घालणारा एक, पंगत बसवणारा दुसरा, दिव्यांचं बघणारा तिसरा. कोणी एक आजारी पडला तरी कार्य पार पडतं.

नवी जात वेलँड. क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेली. नाव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाचं. वेलँड हा प्रोग्राम नाही, बोलण्याची पद्धत आहे. ती बोलणारा कंपॉझिटर हाच सर्व्हर, हाच विंडो मॅनेजर, हाच सगळं. ग्नोममध्ये तो मटर, केडीईत केविन. प्रोग्राम आपली खिडकी स्वतः रंगवून तयार चित्र कंपॉझिटरच्या हाती देतो. मधल्या फेऱ्या वाचतात, चित्र फाटल्यासारखं दिसत नाही. पण मांडववाला, पंगतवाला आणि दिवेवाला एकच माणूस झाला, हेही लक्षात ठेवा. ग्नोममध्ये एक्सवर असताना काही अडकलं की ऑल्ट आणि एफ२ दाबून ‘आर’ लिहिलं की डेस्कटॉप नव्याने सुरू व्हायचा, उघड्या खिडक्या जागच्या जागी. वेलँडवर ही युक्ती चालत नाही. कंपॉझिटर पडला की सेशन पडलं. म्हणून मी दर परिच्छेदाला कंट्रोल-एस दाबते.

पायरी २: आपण कशावर आहोत ते बघा

टर्मिनल उघडा. ‘एको’, स्पेस, डॉलरचं चिन्ह, आणि त्याला लागून ‘एक्सडीजी सेशन टाइप’. हे तीन शब्द मोठ्या लिपीत, मधे स्पेसऐवजी अंडरस्कोर. उत्तर ‘वेलँड’ येईल किंवा ‘एक्स११’.

इथला खड्डा: हीच कमांड काळ्या मजकूर-टर्मिनलवर दिली तर उत्तर ‘टीटीवाय’ येतं आणि लोकांना वाटतं ग्राफिक्स बिघडलं. बिघडलेलं काही नसतं; ती कमांड फक्त तुम्ही ज्या सेशनमध्ये बसला आहात त्याबद्दल बोलते. सगळ्यांची हजेरी हवी असेल तर ‘लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स’ द्या. लॉगिनडीची वही उघडते: सेशनचा नंबर, युजर, सीट, टर्मिनल. नंबर बघून ‘लॉगिनसीटीएल शो-सेशन’, तो नंबर, मग ‘डॅश पी टाइप’ (यातला टाइपचा टी मोठा) दिलं, की त्या सेशनची जात कळते.

पायरी ३: सेशन निवडा

निवड पासवर्ड टाकण्याआधी करायची असते. जीडीएममध्ये उजव्या कोपऱ्यात खाली दातेरी चाक असतं, आणि आपल्या नावावर क्लिक करेपर्यंत ते दिसतच नाही. मी हे चाक एका संध्याकाळी तासभर शोधत होते. लाइटडीएम आणि एसडीडीएममध्ये निवड उघडी असते, पण कुठल्या कोपऱ्यात ते थीमवर ठरतं.

यादीत काय दिसावं हे साध्या मजकूर-फाइली ठरवतात. ‘यूएसआर’ फोल्डरातल्या ‘शेअर’मध्ये ‘एक्ससेशन्स’ आणि ‘वेलँड-सेशन्स’ असे दोन फोल्डर असतात. आत डोकावून बघा. प्रत्येक फाइलमध्ये ‘एक्झेक’ने सुरू होणारी एक ओळ असते आणि लॉगिन झाल्यावर डिस्प्ले मॅनेजर नेमकी तीच आज्ञा चालवतो. मला तरी ती फाइल बघेपर्यंत ‘सेशन’ म्हणजे काहीतरी गूढ वाटत होतं.

नव्या सिस्टिमवर एक्सचा पर्याय दिसला नाही तर चक्रावू नका. फेडोरा या लिनक्स-सिस्टिमने २०१६ मध्ये, पंचविसाव्या आवृत्तीपासून, वेलँड पहिली निवड केली. उबंटूने १७.१० मध्ये करून पाहिलं, १८.०४ मध्ये माघार घेतली आणि २१.०४ पासून कायम केलं, २५.१० मध्ये तर ग्नोमचं एक्सवरचं सेशन काढूनच टाकलं. केडीई प्लाझ्मा ६ ने २०२४ मध्ये वेलँडला पहिलं स्थान दिलं. उलट एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप वापरत असाल तर तुम्ही बहुधा एक्सवरच आहात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

वेलँडच दिसत नसेल तर दोन ठिकाणी बघा. जीडीएमच्या ‘कस्टम डॉट कॉन्फ’ फाइलमध्ये ‘वेलँडएनेबल’पुढे ‘फॉल्स’ लिहिलं आहे का? (डेबियनमध्ये त्या फाइलचं नाव ‘डीमन डॉट कॉन्फ’.) आणि एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर किती जुना आहे? बाकी सगळे ज्या रस्त्याने चित्रं देतात तो जीबीएम नावाचा रस्ता एनव्हिडियाच्या ड्रायव्हरने २०२१ मध्ये, ४९५ या आवृत्तीपासून धरला. त्याआधीच्या ड्रायव्हरवर वेलँडशी झटापट करण्यात रात्र घालवू नका.

पायरी ४: पडदा काळा झाला की मागच्या दाराने जा

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. लॅपटॉपवर बहुतेक वेळा सोबत एफएन बटणही दाबावं लागतं. मजकुराचं लॉगिन दिसलं तर अर्धी लढाई जिंकली: कर्नल ठीक, डिस्क ठीक, दुखणं वरच्या मजल्यावर आहे. युजरनेम द्या, पासवर्ड द्या. पासवर्ड टाइप करताना ठिपकेही उमटत नाहीत. कीबोर्ड मेलेला नसतो, टाइप करत राहा.

परत जायची वाट जीडीएम असेल तर साधारण अशी: एफ१ वर लॉगिन स्क्रीन, एफ२ वर तुमचं सेशन. लाइटडीएम असेल तर बहुधा एफ७.

आत आल्यावर याच क्रमाने बघा.

‘डीएफ डॅश एच’. होम (तुमच्या फाइलींचा फोल्डर) असलेला भाग शंभर टक्के भरला आहे का? सेशन सुरू होताना बारीकसारीक फाइली लिहाव्या लागतात. जागा नसेल तर लॉगिन होतं आणि लगेच बाहेर पडतं. स्कॅन केलेल्या पानांनी डिस्क भरणाऱ्या आमच्यासारख्यांचा हा पहिला संशयित.

‘सिस्टिमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर’. कुठला डिस्प्ले मॅनेजर आहे हे माहीत नसलं तरी हे नाव चालतं. हिरव्या अक्षरांत ‘अॅक्टिव्ह’ दिसलं तर दारावरचा माणूस जागा आहे.

‘जर्नलसीटीएल डॅश बी डॅश पी ईआरआर’. या वेळी मशीन चालू केल्यापासूनच्या सगळ्या चुका. घाबरवणारं बरंच दिसेल, त्यातलं पुष्कळसं रोजचंच असतं. ज्या मिनिटाला स्क्रीन गेली त्या मिनिटाच्या ओळी वाचा.

एक्सवर असाल तर ‘एक्सऑर्ग डॉट शून्य डॉट लॉग’ ही फाइल (यातला एक्स मोठ्या लिपीत). ती ‘व्हार’मधल्या ‘लॉग’ फोल्डरात असते, किंवा सर्व्हर रूटशिवाय चालत असेल तर तुमच्याच होममध्ये ‘डॉट लोकल’, ‘शेअर’, ‘एक्सऑर्ग’ अशा वाटेवर. कंसात दोनदा मोठा ‘ई’ लिहिलेल्या ओळी म्हणजे चुका, मोठा ‘डब्ल्यू’ दोनदा म्हणजे नुसत्या कुरबुरी.

इथे एक मोठा खड्डा आहे. इंटरनेटवर सर्रास सल्ला दिसतो, ‘सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट डिस्प्ले-मॅनेजर’ करा. करा, पण हे कळून करा की ग्राफिकल सेशनमधले सगळे उघडे प्रोग्राम त्याबरोबर जातात, न साठवलेल्या मजकुरासकट.

पायरी ५: लॉगिनचा भोवरा सोडवा

पासवर्ड, काळोख, पुन्हा लॉगिन. माझं त्या रात्रीचं दुखणं.

एक्समध्ये कुठलाही प्रोग्राम पडद्याशी बोलायला गेला की सर्व्हर ओळखपत्र मागतो. ते असतं १२८ बिटांचा एक यदृच्छ आकडा, ‘मॅजिक कुकी’ नावाचा, आणि बऱ्याच सिस्टिमवर तो होममधल्या ‘डॉट एक्सऑथॉरिटी’ या लपलेल्या फाइलमध्ये राहतो. दर लॉगिनला नवा आकडा लिहिला जातो. तो लिहिताच आला नाही तर ओळखपत्र नाही, म्हणजे डेस्कटॉपला प्रवेश नाही, म्हणजे सेशन संपलं, म्हणजे परत दारात.

आणि तो लिहिता का आला नव्हता? मजकूर-टर्मिनलवरून ग्राफिक्स सुरू करण्यासाठी ‘स्टार्टएक्स’ ही कमांड असते. त्याच दुपारी कुठल्याशा जुन्या सूचनेत वाचून मी तिच्यापुढे ‘सूडो’ लावलं होतं. एक्स रूटच्या नावाने उठला, फाइल माझ्या होममध्ये पण रूटच्या मालकीची झाली, आणि रात्री माझ्याच घरातली पेटी मला उघडेना.

तपासायचं असं: एफ३ वर जाऊन ‘एलएस डॅश एलए’. मोठी यादी येते. तिसरा आणि चौथा रकाना मालकीचा. बाकी सगळीकडे तुमचं नाव आणि ‘डॉट एक्सऑथॉरिटी’पुढे ‘रूट रूट’ असेल, तर चोर सापडला. ‘एक्सऑथॉरिटी’मधला एक्स तेवढा मोठ्या लिपीत लिहायचा. उपाय: ‘एमव्ही’, त्या फाइलचं नाव, स्पेस, आणि दुसरं कुठलंही नाव. याला सूडोही लागत नाही. फाइल रूटची असली तरी फोल्डर तुमचा आहे. पेटीला दुसऱ्याचं कुलूप असलं तरी आपल्या घरातून ती उचलून ओसरीवर ठेवता येते. पुढच्या लॉगिनला नवी फाइल आपोआप होते. ‘डॉट आयसीईऑथॉरिटी’ (यातलं ‘आयसीई’ मोठ्या लिपीत) नावाची तिची बहीणही तशीच रूटची झालेली आढळली तर तिलाही बाहेर काढा.

मालकी ठीक असूनही भोवरा चालूच असेल, तर नवा युजर तयार करून त्याने लॉगिन करून बघा. तो आत गेला तर दोष तुमच्या होममधल्या सेटिंगमध्ये, तोही अडकला तर सिस्टिममध्ये. ही एक चाचणी कित्येक तास वाचवते.

पायरी ६: मराठी कीबोर्ड योग्य जागी लावा

वेलँडवर गेल्यावर ‘मराठी उमटेना’ हा फोन मला सर्वांत जास्त येतो. जुन्या सूचना सांगतात, ‘सेटएक्सकेबीमॅप’ चालवा. एक्समध्ये कीबोर्डाचा नकाशा सर्व्हरकडे असतो, त्यामुळे ही कमांड सगळीकडे लागू होते. वेलँडवर नकाशा कंपॉझिटरकडे असतो, आणि ही कमांड बोलते फक्त एक्सवेलँडशी, म्हणजे जुने एक्सवाले प्रोग्राम चालावेत म्हणून आत ठेवलेल्या छोट्या एक्स सर्व्हरशी. परिणाम विचित्र होतो: एखाद्या जुन्या प्रोग्राममध्ये काहीतरी बदलतं, बाकी डेस्कटॉप ढिम्म. ती कमांड विसरा.

ग्नोममध्ये सेटिंगमधल्या कीबोर्डात जाऊन इनपुट सोर्समध्ये मराठी जोडा. सुपर (विंडोजचं चिन्ह असलेलं बटण) आणि स्पेसने भाषा बदलते. इनस्क्रिप्टवाल्यांचं आणि उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांचं, दोघांचंही इथे भागतं, कारण टायपिंगची भाषा सांभाळणारा आयबस हा प्रोग्राम ग्नोममध्ये मुरलेलाच आहे. केडीईत तसलाच ‘एफसीआयटीएक्स ५’ हा प्रोग्राम वापरायचा असेल, तर तो आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीत टाकून भागत नाही. सेटिंगमध्ये ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ असं दिशाभूल करणारं पान आहे, तिथे ‘एफसीआयटीएक्स ५’ निवडावा लागतो.

पायरी ७: स्क्रीन शेअर आणि दूरचं काम

एक्समध्ये एकदा आत आलेला प्रोग्राम शेजारच्या खिडकीत काय टाइप होतंय तेही वाचू शकतो आणि पडद्याचं चित्रही काढू शकतो. म्हणूनच ‘एक्सहोस्ट’ पुढे अधिकचं चिन्ह, ही कुठेही दिसणारी कमांड कधी देऊ नका. ती ओळखपत्र तपासणंच बंद करते.

वेलँडवर प्रत्येकाला आपापलीच खिडकी दिसते. त्यामुळे मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवायची तर पोर्टल नावाची सेवा आधी तुम्हाला विचारते आणि पाइपवायर चित्र पोचवतं. समोरच्याला काळी चौकट दिसत असेल, तर पाइपवायर आणि तुमच्या डेस्कटॉपचं पोर्टल-पॅकेज दोन्ही आहेत का ते बघा. ग्नोमचं वेगळं, केडीईचं वेगळं असतं.

एखादा प्रोग्राम थेट वेलँडवर आहे की एक्सवेलँडमधून, हे ओळखायला ‘एक्सआइज’ सुरू करा. माउसकडे बघणारे दोन डोळे. एक्सवाल्या खिडकीवरून माउस फिरवला की बुबुळं फिरतात, वेलँडवाल्या खिडकीवर गेलात की डोळे आंधळे. स्क्रीन सव्वापट-दीडपट मोठी केल्यावर एखाद्याच प्रोग्रामची अक्षरं पुसट दिसत असतील, तर बहुधा तो एक्सवेलँडमधून येतोय. माझ्या मुलाला मात्र या डोळ्यांचा दुसरा काही उपयोग असू शकतो हे पटत नाही. तो ते माझ्या प्रूफांवर उघडून ठेवतो.

पायरी ८: तरी अडलं तर मदत मागताना हे पाठवा

- सिस्टिमचं नाव आणि आवृत्ती
- एक्स की वेलँड, आणि डिस्प्ले मॅनेजर कुठला
- ग्राफिक्स कार्ड (‘एलएसपीसीआय’ने दिसतं)
- स्क्रीन जाण्याआधी शेवटचं काय केलं होतं, अपडेट की नवी केबल. लाजू नका, मीही सूडो स्टार्टएक्स केलं होतं
- लॉगमधल्या त्या मिनिटाच्या ओळी

ओपनबीएसडीवर (लिनक्ससारखीच दिसणारी, पण वेगळी सिस्टिम) असाल तर ते आधी सांगा. तिथे सिस्टिमडी आणि लॉगिनडी नाहीत, एक्सची त्यांची स्वतःची झेनोकारा नावाची बांधणी आणि झेनोडीएम नावाचा डिस्प्ले मॅनेजर आहे. वरच्या निम्म्या कमांड तिथे चालायच्या नाहीत. मॅकवर तर एक्सही नाही आणि वेलँडही नाही, तिथे विंडोसर्व्हर नावाची ॲपलची स्वतःची व्यवस्था आहे.

आणि लॉगचा फोटो काढणार असाल तर फ्लॅश बंद करून काढा. काळ्या स्क्रीनच्या मधोमध आलेला पांढरा गोळा नेमका त्याच ओळीवर बसतो.